बंद पडलेली छोटी सोन्याची खाण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंगराच्या पोटात शिरलेला एक आडवा बोगदा, त्याच्या तोंडाशी दगडांचा ढीग, थोडं खाली गंजलेलं लोखंड आणि बारीक, पांढुरक्या रेतीचा एक पट्टा. जगात सोन्याच्या अशा हजारो छोट्या खाणी बंद पडलेल्या आहेत. मोठ्या खाणींवर ग्रंथ लिहिले जातात, या छोट्यांच्या वाट्याला बहुतेक दंतकथाच येतात. लोक पुन्हा पुन्हा विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सोनं संपलं म्हणूनच खाण बंद पडली ना?

बहुतेक वेळा नाही. शेवटचा कणही काढून झाला आणि मग कुलूप लागलं, असं फारच क्वचित घडतं. टनभर दगड फोडून, वर आणून, कुटून त्यातून जेवढं सोनं हाती येतं त्याच्या किमतीपेक्षा खर्च वाढला की काम थांबतं. सोनं आतच राहतं. हा खर्च कधी पाण्यामुळे वाढतो, कधी दगडाचा स्वभाव बदलल्यामुळे, तर कधी हजारो मैलांवर कुणीतरी केलेल्या कायद्यामुळे. खालची बरीचशी उत्तरं या ना त्या वाटेने इथेच येऊन पोचतात.

मुळात इथे सोनं आलं कुठून?

पृथ्वीच्या कवचात सोनं सगळीकडे आहे, पण नसल्यासारखंच. सरासरी काढली तर टनभर खडकात साधारण चार मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या बारीकशा कणाएवढं. छोट्या खाणीला परवडायचं तर टनाला निदान पाच-दहा ग्रॅम तरी हवेत. म्हणजे निसर्गाने आधी कुठेतरी सोनं हजारो पटींनी गोळा करून ठेवलेलं असावं लागतं.

हे गोळा करण्याचं काम पाणी करतं. डोंगर घडताना खडकांचे थर एकमेकांवर रेटले जातात, खोल गाडले जातात आणि तापतात. खडकातल्या खनिजांच्या रचनेत अडकलेलं पाणी त्या उष्णतेने सुटं होतं. अडीचशे ते चारशे अंश सेल्सिअस तापमानाचं हे पाणी प्रचंड दाबाखाली असतं, म्हणून त्याची वाफ होत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि गंधक मिसळलेलं असतं. सोनं साध्या पाण्यात विरघळत नाही, पण गंधकाचा हात धरून ते या द्रवात उतरतं. उतरतं तेही किती, तर टनभर पाण्यात दहा मिलिग्रॅम धरू. या हिशेबाने एक किलो सोनं साठायला एक लाख टन पाणी त्याच भेगेतून जायला हवं, आणि जाताना आपल्याकडचं सगळं सोनं तिथेच सोडायला हवं. म्हणून अशा सोन्याच्या खाणी बहुधा मोठ्या भ्रंशांच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगांच्या, आसपास सापडतात. एवढं पाणी वाहून न्यायला तेवढाच मोठा नळ लागतो.

आता हे सोनं द्रवातून खाली कसं बसतं? एक रस्ता असा: गंधक घेऊन चाललेलं पाणी लोहयुक्त खडकाला भिडतं. लोह गंधकाला ओढून घेतं आणि त्याचं लोहमाक्षिक, म्हणजे पायराइट होतं. गंधकाची साथ सुटली की सोन्याला पाण्यात राहता येत नाही, ते तिथेच बसतं. सोनं आणि पायराइट इतक्या वेळा एकत्र सापडतात ते यामुळे. दुसरा रस्ता म्हणजे दाब एकदम पडणं.

दाब एकदम कसा पडतो? भूकंपाचा काही संबंध आहे का?

आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच आहे. खोलवरचा भ्रंश बंद असतो तोवर त्याच्याखाली पाण्याचा दाब वाढत राहतो. एका क्षणी खडक सरकतो, म्हणजे भूकंप होतो. भेग उघडते, दाब झटक्यात उतरतो आणि पाण्यात विरघळलेली सिलिका गारगोटी होऊन भेग पुन्हा बुजवून टाकते. मग परत दाब वाढायला सुरुवात. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं हे चालतं, फक्त दोन शिट्ट्यांमध्ये वर्षानुवर्षं जातात.

या शिट्ट्या मोजता येतात. गारगोटीने बुजलेल्या अशा भेगेला शीर म्हणतात. शिरेचा एक तुकडा आडवा कापून पाहा. दुधी गारगोटीत भिंतीला समांतर काळसर रेघा दिसतील, वहीच्या पानांसारख्या एकीला लागून एक. प्रत्येक रेघ म्हणजे भेग उघडताना भिंतीवरून सोललेला खडकाचा पापुद्रा. बारीक सोनं बऱ्याचदा या रेघांच्या कडेनेच बसलेलं असतं. जुने खाणकामगार पट्टेदार गारगोटी दिसली की खूश व्हायचे, त्यामागचं कारण त्यांना ठाऊक नसलं तरी.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिशेब मांडला होता, की भेग उघडल्यावर दाब इतका कोसळतो की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि त्यातलं सगळंच जागच्या जागी बसतं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आणखी एक गंमत दाखवली. गारगोटीवर ताण पडला की तिच्यात वीज निर्माण होते. गॅसच्या लायटरमध्ये ठिणगी पडते ती अशाच गुणधर्मामुळे. भूकंपाच्या हादऱ्यांनी गारगोटीत तयार होणारी ही वीज द्रवातलं सोनं आधीच बसलेल्या सोन्यावर ओढून घेऊ शकते. पातळ द्रवातून मोठाले गोळे कसे बनतात, या जुन्या कोड्यावरचं हे एक उत्तर आहे.

म्हणजे गारगोटी दिसली की सोनं आहे असं समजायचं?

नाही. गारगोटीच्या शिरा जगभर ढिगाने आहेत आणि त्यातल्या बहुतेक कोऱ्या असतात. पांढरीशुभ्र, एकसंध, देखणी गारगोटी बहुधा वांझ निघते. गंजलेली, छिद्रं पडलेली, तपकिरी डागांची, मळकट दिसणारी गारगोटी उचलून बघावी. ती छिद्रं म्हणजे कधीकाळी पायराइटचे स्फटिक बसले होते ती घरं. पायराइट गंजून वाहून गेलं आणि त्यात सोनं असेल तर ते मागे राहिलं.

सोनं नेहमी अशा शिरांमध्येच असतं असंही नाही. ज्वालामुखीच्या प्रदेशात जमिनीखाली किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आत उकळत्या पाण्यातून बसलेलं सोनं असतं. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडला ते अतिप्राचीन गोट्यांच्या खडकात आहे. पण डोंगरातली एकटीदुकटी छोटी खाण म्हटली, की बहुतेक वेळा गारगोटीची शीरच.

एका जागी भरपूर सोनं आणि चार पावलांवर काहीच नाही, असं का?

कारण शीर एकसारखी नसते. ती कुठे फुगते, कुठे कागदासारखी पातळ होते, कुठे भ्रंशाने तुटून दुसरीकडे सरकते. पाण्याला जिथे वाट मोकळी मिळाली, म्हणजे वळणावर किंवा दोन भेगांच्या छेदावर, तिथे सोनं जास्त साठतं. असा श्रीमंत भाग तिरक्या खांबासारखा खोल उतरत जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शीर असते, पण सोनं नसतं. छोट्या खाणीकडे असे एक-दोन खांब असतात. ते संपले की पुढचा शोधायला कोऱ्या दगडातून बोगदा न्यावा लागतो, आणि त्याला पैसे कोण देणार?

शिवाय सोनं दाण्यादाण्याने असतं. एक किलो नमुन्यात नेमका एक जाडसा दाणा आला, तर प्रयोगशाळा टनाला शंभर ग्रॅम सांगते. शेजारच्या किलोत तो नसला तर शून्य. दोन्ही आकडे प्रामाणिक आणि दोन्ही निरुपयोगी. अशा आकड्यांवर किती जणांनी घरंदारं विकली असतील!

आणि अप्रामाणिक आकडे?

तेही होते. गिऱ्हाइकाला खाण दाखवण्याआधी छर्‍याच्या बंदुकीत सोन्याची भुकटी भरून बोगद्याच्या भिंतीवर बार काढायचा, ही प्रसिद्ध युक्ती. हे फक्त जुन्या काळी चालायचं असं मात्र समजू नका. इंडोनेशियातल्या बुसांगच्या नमुन्यांमध्ये बाहेरचं सोनं मिसळल्याचं १९९७ मध्ये उघड झालं, तेव्हा ब्रे-एक्स ही कॅनडाची कंपनी बुडाली. ऐन भरात तिच्या समभागांची किंमत सहा अब्ज कॅनेडियन डॉलरच्या घरात होती. नमुन्यांतले सोन्याचे कण नदीत घासून कडा गोल झालेले होते. घट्ट खडकातून छिद्र पाडून काढलेल्या नमुन्यात असे कण यायचं काही कारणच नव्हतं.

इतक्या आडबाजूला सोनं आहे हे पहिल्यांदा कळलं कसं?

नदीतून. शीर झिजते, सोनं सुटतं आणि ओढ्यात येतं. सोन्याची घनता १९.३, गारगोटीची २.६५, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या गारगोटीपेक्षा सोनं सातपट जड. पसरट थाळीत वाळू-पाणी घेऊन गोल फिरवलं की हलकं वरून निघून जातं आणि सोनं तळाच्या कडेला रेघेसारखं उरतं.

मग ओढ्याने वर वर चालत जायचं. दर काही अंतरावर थाळी धुवायची. दाणे वाढत गेले तर वाट बरोबर आहे. अचानक बंद झाले तर शीर मागे राहिली, आता काठ सोडून उताराची माती धुवायची. दाण्याचा आकारही बोलतो. लांबून आलेला दाणा चपटा, गुळगुळीत. घराजवळचा खरखरीत, टोकदार, कधी गारगोटीचा तुकडा अजून चिकटलेला. अशा शेकडो थाळ्या धुतल्यावर शेवटी एखाद्या झुडपाखाली गंजलेल्या गारगोटीचं टोक सापडे.

काहींना एवढे कष्टही पडले नाहीत. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोलियागुल इथे सापडलेल्या ‘वेलकम स्ट्रेंजर’ गोळ्यात सत्तर किलोंहून जास्त सोनं होतं आणि तो जमिनीखाली जेमतेम बोटभर होता. असल्या गोष्टी ऐकूनच बाकीचे हजारो लोक वर्षानुवर्षं थाळ्या धुवत राहिले.

खाण किती जुनी आहे हे आत न जाता ओळखता येतं का?

बऱ्यापैकी. तोंडाजवळच्या भिंती नीट पाहा. अतिशय जुन्या काळी खडकाला आग लावून तापवत आणि तो तडकवून काढत. अशा कामाच्या भिंती गुळगुळीत, आतून वाटीसारख्या खोलगट दिसतात. हाताने पाडलेल्या सुरुंगाच्या भोकाचा उरलेला अर्धा नळ अरुंद आणि किंचित वेडावाकडा असतो. यंत्राने पाडलेला रुंद, गोल आणि सरळसोट.

बाहेर पडलेला कचरा आणखी बोलका असतो. चौकोनी कापीव खिळे साधारण १८९० च्या आधीचे, गोल तारेचे खिळे त्यानंतरचे. जमिनीवर राखाडी-पांढऱ्या, चुन्यासारख्या भुकटीची छोटी छोटी ढेकळं दिसली, तर तो कार्बाइडच्या दिव्यातला चोथा आहे. म्हणजे १९०० नंतर कुणीतरी इथे बसून, दिवा रिकामा करून, नवं कार्बाइड भरून पुन्हा आत गेलेलं आहे. त्याआधी मेणबत्त्या होत्या; त्यांच्या काजळीचे डाग छतावर राहतात. हे सगळं पाहावं आणि होतं तिथेच राहू द्यावं. खिळा खिशात गेला की खाणीचं वय सांगणारा एक साक्षीदार कमी होतो.

बोगदा खोदत कसा?

एकजण पोलादी पहार भिंतीला धरून बसे, दुसरा घण मारी. प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची, नाहीतर ती अडकते. गारगोटी पोलादाला जवळपास तोडीस तोड असल्याने पहारेचं टोक सतत बोथट होई. त्यामुळे खाणीत कामगार कमी असले तरी चालत, पण लोहार नसला तर काम बंद. बोगद्याच्या तोंडाशी कोळशाची खर आणि भट्टीचे दगड सापडतात ते त्याच्या जागेचे. पुरेशी भोकं झाली की दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. मग धूर निवळेपर्यंत थांबून दगड उपसायचा. घट्ट खडकात दिवसाला हातभर बोगदा पुढे सरकला तरी बरं चाललंय म्हणत.

१८६७ मध्ये नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं. पाठोपाठ दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रं आली आणि वेग वाढला. पण ही यंत्रं गारगोटीचं पीठ हवेत उडवत. ते पीठ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होई आणि तिशी-चाळिशीतली माणसं खोकून मरत. त्या यंत्राला कामगारांनी नावच ‘विधवा करणारं’ असं ठेवलं होतं. पोकळ सळईतून पाणी सोडून धूळ जागीच बसवणारी यंत्रं १८९० च्या दशकात निघाली, तरी सगळीकडे ती वेळेवर पोचली नाहीत.

दगडातून सोनं कसं काढत?

कुटून आणि पारा लावून. स्टँप मिल म्हणजे यांत्रिक उखळ. एका चौकटीत पाच लोखंडी मुसळं, प्रत्येकी तीनशे-चारशे किलोंचं. फिरत्या दांड्यावरचे उंचवटे एकेकाला वीतभर वर उचलत आणि सोडून देत. मिनिटाला शंभराच्या आसपास घाव, रात्रंदिवस. आवाज कित्येक मैलांवर जाई, आणि तो थांबला की गावाला जाग येई असं सांगतात.

कुटलेला गाळ पाण्याबरोबर तिरक्या तांब्याच्या पत्र्यावरून वाहत जाई. पत्र्याला पाऱ्याचा लेप असे. सोनं पाऱ्याला धरतं, बाकीचं वाहून जातं. मग लोण्यासारखा तो गोळा खरवडून, चामड्यातून पिळून, बंद भांड्यात तापवायचा. पारा ३५७ अंशांवर उकळून उडून जातो आणि मागे स्पंजासारखं जाळीदार सोनं उरतं. उडालेला पारा थंड करून परत धरायचा असतो. सगळा कधीच धरला जात नसे. तो आसपासच्या मातीत आणि ओढ्याच्या गाळात अजून आहे.

सुट्या सोन्याच्या दगडातून या रीतीने साधारण सत्तर-ऐंशी टक्के सोनं निघे. बाकीचं चोथ्याबरोबर खाली ओढ्याकडे.

मग सायनाइड कधी आलं?

जॉन स्ट्युअर्ट मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी ग्लासगोमध्ये १८८७ साली या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. व्यापारी पातळीवर ती प्रथम न्यूझीलंडमधल्या कारांगाहाके इथे १८८९ मध्ये वापरली गेली. बारीक दगडावर सायनाइडचं अगदी पातळ पाणी सोडायचं, हवा खेळती ठेवायची, चुना घालून आंबटपणा मारायचा. डोळ्याला न दिसणारं सोनंही विरघळतं. मग जस्ताच्या कीसावर ते परत बसवायचं. नव्वद टक्क्यांहून जास्त सोनं हाती येऊ लागलं आणि आधीच्या पिढीने फेकलेल्या चोथ्याचे ढीगच नव्या खाणी झाले. आपल्या छोट्या खाणीखालचा पांढुरका पट्टा दोनदा धुतलेला असण्याची शक्यता म्हणूनच मोठी आहे.

खाणी नेमक्या एका खोलीवर जाऊनच का थांबलेल्या दिसतात?

ही खोली म्हणजे भूजलाची पातळी. तिच्या वर आणि खाली दोन वेगळी जगं आहेत.

वरच्या भागात लाखो वर्षं पाऊस आणि हवा झिरपलेली असते. पायराइट गंजून गेलेलं, सोनं मोकळं झालेलं, खडक मऊ पडलेला. गंधक आणि लोह धुऊन गेल्याने उरलेल्या दगडात सोन्याचं प्रमाणही वाढलेलं असतं. डोंगरउतारावर आडवा बोगदा घातला तर पाणी आपोआप बाहेर वाहतं, पंप लागत नाही. चार माणसं, एक घण आणि थोडा पारा एवढ्या भांडवलावर खाण चालते. पहिल्या वर्षांच्या सोन्याच्या धुराच्या गोष्टी या भागातल्या.

मग एक दिवस पहार ओल्या, निळसर-करड्या, चमकदार दगडाला लागते. एकाच वेळी दोन संकटं. पहिलं पाणी: खाली उतरावं तेवढं ते उपसावं लागतं, रविवारी आणि सणालाही, कारण पंप थांबला की खाण बुडते. वेल्समधल्या डोलाउकोथीच्या खाणीत रोमन काळात पाणी उपसायला लाकडी चाकं वापरत. त्यातल्या एकाचा तुकडा १९३५ मध्ये सापडला. दोन हजार वर्षांपूर्वीही अडचण हीच होती. दुसरं संकट रसायनाचं: इथलं सोनं ताज्या पायराइटच्या किंवा आर्सेनोपायराइट या आर्सेनिक असलेल्या खनिजाच्या पोटात इतकं बारीक दडलेलं असतं की पाऱ्याला ते दिसतच नाही. सायनाइडलाही पोचता येत नाही. दगड आधी भट्टीत भाजावा लागतो आणि त्यातून गंधकाचा व आर्सेनिकचा धूर निघतो.

म्हणजे टनाला सोनं तेवढंच धरलं तरी काढायचा खर्च दुप्पट आणि हाती येणारं निम्मं. मोठ्या कंपनीला हा घाट चढता येतो. कोलारच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या, पण त्यांच्या शिरा लांबलचक होत्या आणि पाठीशी भांडवल होतं; १९०२ पासून शिवसमुद्रमची वीजही होती. छोट्याला चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. तो पाण्यापाशी थांबतो.

शिरेची रुंदीही महत्त्वाची असते का?

लोकांना वाटतं त्याहून फार जास्त. शीर तीस सेंटिमीटर रुंद आणि तिच्यात टनाला पंधरा ग्रॅम सोनं आहे असं धरा. छान आकडा. पण तीस सेंटिमीटरच्या फटीत माणूस उभा राहून घण मारू शकत नाही. निदान नव्वद सेंटिमीटर तरी खोदावं लागतं, त्यातले साठ कोरा दगड. सगळं मिसळून टनाला पाचच ग्रॅम उरले.

बंद पडण्याच्या तारखा १९४२ च्या आसपास का गोळा होतात?

अमेरिकेपुरतं बोलायचं तर ८ ऑक्टोबर १९४२ च्या एल-२०८ या सरकारी आदेशामुळे. दुसऱ्या महायुद्धाला तांबं, जस्त असे धातू हवे होते, सोनं नव्हे. माणसं आणि यंत्रं तिकडे वळवायची म्हणून सोन्याच्या खाणी बंद करायला लावल्या. पंप थांबले, पाणी चढलं, लाकडी टेकू कुजले.

युद्धानंतर यातल्या अनेक उघडल्याच नाहीत, त्याचं कारण किमतीत आहे. सोन्याचा भाव सरकारने बांधलेला होता: औंसाला, म्हणजे ३१.१ ग्रॅमला, २०.६७ डॉलर. १९३४ मध्ये तो ३५ डॉलर केला. मंदीमुळे मजुरी आणि सामान स्वस्त, सोनं मात्र महाग, म्हणून १९३० च्या दशकात कितीतरी मेलेल्या खाणी पुन्हा जिवंत झाल्या. पण तोच ३५ चा भाव १९६० चं दशक सरत येईपर्यंत जवळपास तसाच राहिला आणि मजुरी, पोलाद, स्फोटकं सगळं वर गेलं. ऑगस्ट १९७१ मध्ये डॉलर आणि सोन्याची गाठ सुटली आणि जानेवारी १९८० मध्ये भाव आठशे डॉलरच्या वर गेला. तोपर्यंत या खाणींच्या वाटांवर झाडं उगवली होती.

बाहेरच्या ढिगावरून आत किती खोदलंय ते कळतं का?

कळतं, आणि दंतकथा तपासायला हा सर्वांत सोपा उपाय आहे. आधी ढीग कुठला ते बघा. हाताएवढे कोनेदार दगड असतील तर तो बोगद्यातून काढलेला टाकाऊ दगड. बारीक रेती किंवा मऊ गाळ असेल तर तो कुटून झालेला चोथा. पहिला ढीग मोजायचा. फोडलेला दगड अखंड खडकापेक्षा साधारण दीडपट जागा घेतो. ढीग ३०० घनमीटरचा भरला तर आतली पोकळी २०० घनमीटरची. दीड मीटर रुंद, दोन मीटर उंच बोगदा धरला तर सुमारे ६७ मीटर लांबी. ‘बोगदा डोंगराच्या पलीकडे निघतो’ हे ऐकलं असेल तर पलीकडचा ढीग कुठे आहे, एवढंच विचारा.

ढिगात चमकणारं काहीतरी सापडलं. सोनं आहे का?

सुईने टोचून बघा. सोनं दबतं, खळगा पडतो. पायराइट तुटून भुगा होतो. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीवर घासलं तर सोन्याची रेघ पिवळीच उमटते, पायराइटची हिरवट-काळी. आणखी एक खूण: दगड हातात फिरवा. पायराइट एका कोनात झगमगतं आणि दुसऱ्या कोनात मालवतं. सोनं सावलीतही तसंच पिवळं दिसतं, जरा मंद, लोण्यासारखं.

बोगद्यातून नारिंगी पाणी वाहतंय. ते काय आहे?

पायराइट, पाणी आणि हवा एकत्र आली की गंधकाम्ल आणि विरघळलेलं लोह तयार होतं. काही जिवाणू या लोहावरच जगतात आणि हे काम कैक पटींनी वेगवान करतात. पाणी बाहेर पडून हवा मिळाली की लोह नारिंगी साय होऊन दगडांवर बसतं. आसपास चुनखडीसारखा खडक असेल तर आम्ल मारलं जातं, पण त्यावर विसंबू नका. आर्सेनिक आंबट नसलेल्या, काचेसारख्या नितळ पाण्यातही असू शकतं. हे पाणी पिऊ नये, जनावरांना पाजू नये आणि चोथ्याच्या रेतीत मुलांना खेळू देऊ नये.

थोडंसं आत जाऊन बघितलं तर?

नको. छत कोसळण्याची भीती सगळ्यांना असते, पण हवेची कुणालाच नसते. गंजणारं पायराइट आणि कुजणारं लाकूड ऑक्सिजन खाऊन टाकतात. कार्बन डायऑक्साइड जड असल्याने सखल भागात साचतो. ना वास, ना रंग. हवेतला ऑक्सिजन एरवी २१ टक्के असतो. तो दहाच्या खाली गेला की माणूस धडपड न करता बेशुद्ध पडतो, आणि त्याला ओढायला गेलेला दुसराही. काल हवा चांगली होती याला अर्थ नाही. बाहेरचा वायुभार उतरला की खाण श्वास सोडते आणि आतली खराब हवा तोंडापर्यंत येते.

पायाखालची जमीन म्हणजे कुजक्या फळ्यांवर साठलेली माती असू शकते आणि तिच्याखाली पाण्याने भरलेला उभा खड्डा. जुन्या डायनामाइटमधून नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक पाझरून बाहेर येतं. अशी पेटी किंवा सुरुंग पेटवणाऱ्या तांब्याच्या छोट्या नळ्या दिसल्या तर हात न लावता मागे फिरा आणि पोलिसांना कळवा. बोगद्याच्या तोंडाला आडव्या गजांची जाळी असेल तर ती वटवाघळांसाठी मुद्दाम तशी केलेली असते. ती वाकवू नये.

आज सोन्याला एवढा भाव आहे, मग खाण परत का सुरू होत नाही?

भाव वाढला तसा खर्चही वाढला. आज बुडालेली खाण उपसायची तर त्या पाण्याची विल्हेवाट लावावी लागते, चोथा साठवायला पक्का बांध लागतो, परवाने लागतात. हे सगळं छोट्या खाणीलाही जवळपास तेवढंच लागतं, सोनं मात्र छोटंच. शिवाय जुन्या लोकांनी सोयीचा, श्रीमंत भाग आधीच नेलेला असतो. नवी कंपनी आलीच तर ती जुना बोगदा सोडून आसपासच्या दहा-वीस चौरस किलोमीटरवर लक्ष ठेवते, वरून छिद्रं पाडते आणि बहुतेक वेळा दोन वर्षांत निघून जाते.

त्यांनी पाडलेल्या छिद्रांची माहिती कुठे जाते?

पुष्कळ देशांत खोदाईचे अहवाल सरकारच्या भूविज्ञान खात्याकडे द्यावे लागतात आणि काही वर्षांनी ते लोकांसाठी खुले होतात. जुन्या खाणीचा नकाशा हवा असेल तर आधी तिथे विचारा. पिवळ्या पडलेल्या कागदावर बोगद्याची रेघ असते, तिच्या कडेने मीटर-मीटरवर लिहिलेले ग्रॅमचे आकडे असतात, आणि शेवटच्या आकड्याच्या पुढे कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं असतं: पाणी.